चतुर्थीचा संकल्प कोणी सोडायचा?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी 27 वर्षांचा आहे. घर फोंडा तालुक्यात, नोकरी वेर्ण्याला. दोन वर्षं गोव्याच्या देवळांविषयी मिळेल ते वाचतो आहे. आमची कुलदेवी शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण सांतेर हे तिचं जुनं रूप म्हणजे मुळात वारूळ, देवळाचा घुमट चर्चसारखा, शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हापशाच्या चर्चमध्ये, असं एकेक कळत गेलं आणि एक दिवस हात जोडताना काहीच वाटेना. हे सगळं माणसांनीच घडवलं असेल, तर मी नमस्कार कोणाला करतो? बाबांचे गुडघे गेलेत. यंदा गणेश चतुर्थीच्या पूजेला मी बसावं असं ते म्हणतात. 'माझा विश्वास नाही' म्हटल्यावर बोलणं 'मग या घरात तुझा वाटा नाही' इथवर गेलं. आई रडते. देवळाच्या महाजनांच्या (वंशपरंपरेच्या सभासदांच्या) यादीत नाव घालायचा अर्जही बाबांनी आणून ठेवलाय. मला खोटं वागायचं नाही आणि घरही मोडायचं नाही. काय करू?

उत्तर:

'हे कुठून आलं' आणि 'हे खरं आहे का' हे दोन प्रश्न तुमच्या मनात एकाच दोरीत गुंतलेत. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं तुम्ही धरून चाललात. बाबांशी भांडण पेटलं तेही इथेच. म्हणून आधी ही गाठ सोडवू, मग चतुर्थीकडे वळू.

तुम्ही वाचलेलं बरंचसं बरोबर आहे, पण ते अर्ध्यावर थांबलेलं आहे. देवी केळोशीहून आली, मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. तिसवाडी तालुक्यातली देवळं 1540 च्या सुमारास पाडली गेली आणि साष्टीतली 1567 मध्ये. त्या धामधुमीत लोकांनी मूर्ती आणि लिंगं उचलून जुवारी नदी ओलांडली. पलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचं फोंडा, तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता, विजापूरच्या आदिलशहाकडे होता. फोंड्याची साफा मशीद 1560 मधली, म्हणजे आपल्या देवांनी नदी ओलांडली त्याच सुमाराची. हे आपल्याकडे फार कमी वेळा सांगितलं जातं. कवळ्याचं आज दिसतं ते देऊळ त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, 1738 च्या सुमारास, शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलं. गोव्याची देवळं अशी पक्की बांधली जात होती, तेव्हा अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, कमानीच्या खिडक्या, कठडे आणि मजल्यांची दीपमाळ हीच इथल्या बांधकामाची भाषा होऊन बसली होती. तिच्यात युरोपचा वाटा आहे, दख्खनच्या मुसलमानी इमारतींचा आहे आणि इथल्या गवंड्यांच्या हाताचाही आहे. म्हणून 'चर्चसारखा' हा शब्द अपुरा पडतो.

सांतेरीचं तसंच. भातशेतीच्या गावात पहिल्या पावसात मातीतून उठणारं रोयण (वारूळ) म्हणजे पिकणाऱ्या जमिनीचं रूप, ही इथली जुनी समजूत. पुढे त्याच देवतेला शांतादुर्गा हे संस्कृत नाव मिळालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शिव आणि विष्णू यांचं युद्ध शांत करणारी देवी ही कथा तिला जोडली गेली. पण नवं आलं म्हणून जुनं गेलं नाही. सांतेरीच्या कितीतरी देवळांत आजही गाभाऱ्यात वारूळच आहे आणि पूजा त्याचीच होते. 'मुळात नुसतं वारूळ' असं तुम्ही लिहिता. त्यातल्या 'नुसतं'चा पुन्हा विचार करा. ज्यांचं पोट त्या मातीवर होतं, त्यांना ती नुसती कधीच वाटली नव्हती.

दुसरं अर्ध तुमच्या वाचनात आलेलं दिसत नाही. ते नदीच्या अलीकडचं आहे. गोव्यात धर्मसभेच्या न्यायासनाचा (इन्क्विझिशनचा) अंमल 1560 ते 1812, मधली चार वर्षं सोडून. त्या न्यायासनाने 1736 मध्ये एक मोठं फर्मान काढलं. लग्नात हळद लावायची नाही, ओव्या म्हणायच्या नाहीत, विडे द्यायचे नाहीत, दारात तुळस लावायची नाही, भात बिनमिठाचा शिजवायचा नाही. हे फर्मान उलटीकडून वाचलं तरच उपयोगाचं. धर्म बदलून जवळपास दोनशे वर्षं झाली होती आणि तरी लोक हे सगळं करत होते. करत नसते तर बंदी घालावी लागली नसती. आजही साष्टीतल्या ख्रिस्ती लग्नात नारळाच्या रसाने 'रोस' हा विधी होतो, नवरीला चुडा भरतात. 15 ऑगस्टच्या सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, हळदीच्या पानात पातोळ्या होतात. तुमच्या आईच्या नागपंचमीच्या पातोळ्यांचं पीठ, गूळ, खोबरं आणि पान तेच. नवं भात कापलं की चर्चमध्ये कणसांचं फेस्त, आपल्याकडे देवापुढे नवं. सायबिणीची मूर्ती घरोघर नेतात, आपण पालखी नेतो. आणि सुंदर तेवढंच टिकलं असं नाही. बामण, चार्दो, सुदीर ही जातही चर्चमध्ये गेली. कोणत्या फेस्ताचा मान कोणाचा यावर तिथेही पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले.

मराठी वाचणाऱ्याने तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण विसरू नये. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेजुइटाने ख्रिस्ताची कथा मराठीत सांगितली. जवळपास अकरा हजार ओव्या, राशोलला 1616 मध्ये छापलेल्या. पुराण ऐकणाऱ्या लोकांना पुराणाच्याच चालीत सांगावं लागलं आणि स्वर्गासाठी वैकुंठ हाच शब्द घ्यावा लागला. धर्म भाषेत शिरला की भाषा त्याला आपलं रूप देते, त्याचा याहून ठसठशीत दाखला आपल्याकडे नाही.

लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण यांच्याबाबत मात्र जपून बोला. सात बहिणींची कथा शिरगावात, मयेत, म्हापशात लोक मनापासून सांगतात, आणि म्हापशाच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. पण सात जणींची नावं गावागणिक बदलतात. या कथेवरून एवढंच निश्चित म्हणता येतं की घरं दोन धर्मांत वाटली गेली तरी लोकांनी नातं तोडलं नाही. 'म्हणजे ते मूळचे आमचेच' किंवा 'म्हणजे तुमची देवी खोटी' असे दोन्ही बाजूंचे निष्कर्ष त्यातून निघत नाहीत. ते काढणाऱ्यांपासून दूर राहा.

आता खरं-खोट्याकडे. एखादी श्रद्धा कशी घडली हे सांगून ती खोटी ठरत नाही. तसंच ती फार जुनी आहे म्हणून खरीही ठरत नाही. तुम्ही पहिली चूक करताय, बाबा दुसरी करतात, आणि दोन्ही चुकांची जात एकच. गणपतीचंच घ्या. जपानमध्ये तो कांगितेन म्हणून पुजला जातो, अनेकदा आलिंगन दिलेल्या जोडीच्या रूपात. मूर्ती बहुधा बंद पेटीत असते आणि नैवेद्याला मुळा. आपल्याकडे माटोळीखाली (वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) बसतो, नेवऱ्या (करंज्या) खातो, बहुतेक घरांत दीड दिवसाने पाण्यात जातो. देव नाहीच म्हणणारा यात माणसाची कल्पनाशक्ती पाहील. देव आहे म्हणणारा म्हणेल की ज्याला जसं जमलं तसं त्याने हाक मारली. दोघांपुढचे पुरावे तेच आहेत. निकाल इथे लागत नाही.

इतिहास काही दावे मात्र नक्की खोडतो, आणि तिथे तुम्ही मागे हटू नका. 'आमच्या देवळात अनादि काळापासून असंच चालत आलंय' हा दावा खोटा आहे. देव त्या जागी येऊनच साडेचारशे वर्षं झालीत. म्हणून 'अमक्या जातीने इथवरच यायचं', 'बायकांनी हे करायचं नाही' यांना परंपरेचं कारण दिलं जातं, तेव्हा ते कारण उरत नाही. नियम माणसांनी केला होता, माणसांना बदलता येतो. तुमच्या वाचनाचा सगळ्यात मोलाचा उपयोग मला इथे दिसतो, बाबांना वारुळावरून गप्प करण्यात दिसत नाही.

आणि काही दावे तपासता येतात. कौलाचं उदाहरण घ्या. ओल्या कळ्या किंवा पाकळ्या मूर्तीला चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी कधी पडेल हे पाणी किती लागलं, पाकळीचं वजन किती, समईची ऊब, पंख्याचा वारा यांवरही ठरतं. कौल खरा ठरला ते घरात पन्नास वर्षं सांगितलं जातं, चुकला ते आठवडाभरात विसरलं जातं. म्हणून एक वही करा. घरात कौल घेतला जाईल तेव्हा तारीख, नेमका प्रश्न आणि कौल त्याच दिवशी लिहा. परिणाम पुढे कळेल तेव्हा समोर लिहा. निकाल आधी ठाऊक झाल्यावर लिहिलेली नोंद कामाची नाही. वीसेक नोंदी होईपर्यंत कोणाला काही बोलू नका. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन किंवा औषध कौलासाठी थांबलं असेल, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि त्या दिवशी स्पष्ट विरोध करा.

राहिला मोठा प्रश्न, देव आहे का. तो 27 व्या वर्षी चतुर्थीच्या आत सुटला पाहिजे असं कोणी सांगितलं? धर्मानंद कोसंबी 1876 मध्ये सांखवाळला जन्मले. बुद्धाच्या शोधात 1899 मध्ये त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असे फिरले, भिक्षू झाले, पुढे पुन्हा संसारात आले आणि मराठीत बुद्धाविषयी लिहीत राहिले. शोध असा लांबतो. हात जोडताना काही वाटेनासं झालं याची तुम्हाला टोचणी आहे, ती मी समजू शकतो. पण 'वाटत नाही' आणि 'नाही असं मी ठरवलंय' यांत अंतर आहे. पत्रावरून तुम्ही पहिल्या जागी आहात. बाबांना सांगताना तेवढंच सांगा, जास्त नको.

आता पूजा. खोटं वागायचं नाही हा तुमचा आग्रह योग्यच आहे. म्हणून पूजेत तुम्ही स्वतःच्या तोंडाने काही कबूल करता ते नेमकं कुठे, हे पाहू. ती जागा मुख्यतः एकच आहे: संकल्प. आचमनानंतर भटजी देश, काळ, तिथी म्हणतात, मग यजमानाचं गोत्र आणि नाव, मग हेतू, आणि शेवटी 'करिष्ये'. उजव्या तळहातावरून ताम्हणात पाणी सुटतं. 'करिष्ये' म्हणजे 'मी करीन'. हे प्रथमपुरुषी वाक्य आहे आणि तुमची अडचण खरी याच वाक्याशी आहे. दुसरी जागा प्राणप्रतिष्ठा, मूर्तीच्या हृदयाशी हात किंवा दूर्वा लावतात ती. त्यापुढे आसन, पाद्य, पंचामृत, वस्त्र, गंध, 21 पत्री, 21 दूर्वा, धूप, दीप, नैवेद्य हे उपचार म्हणजे हाताची कामं आहेत.

बाबांना अडतंय ते खाली पाटावर बसणं आणि तासभर वाकणं. संकल्पाला गुडघे लागत नाहीत. म्हणून संकल्प बाबांनीच सोडावा, खुर्चीवर बसून. ताम्हण आणि पंचपात्री हाताशी येईल असा छोटा स्टूल खुर्चीशेजारी ठेवा. दुसऱ्याच्या हातून पूजा करवून घेण्याचा संकल्प शास्त्रात बसतो. तिथे 'करिष्ये'ऐवजी 'कारयिष्ये' येतं, म्हणजे 'करवून घेईन'. भटजी यजमानातर्फे पूजा करतात तेव्हाही हेच तत्त्व असतं. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दोन मिनिटं बाबांना हात देऊन उभं करा. मखर उंच असेल तर त्यांना वाकावंही लागणार नाही. बाकीचे उपचार तुम्ही करा. यजमान बाबा, हात तुमचे. यात तुम्ही काहीही खोटं म्हटलेलं नसेल, आणि घरच्या पूजेला मुलगा बसला हे बाबांचं समाधानही राहील. एवढंही मनाला पटत नसेल, तर काकांच्या मुलाला बसू द्या. किंवा बहिणीला. तिला का नको, असं कोणी विचारलं तर वरचा परंपरेचा परिच्छेद तिथे वापरा. तुम्ही माटोळी, मूर्ती आणणं, स्वयंपाकघर आणि विसर्जन अंगावर घ्या.

घरात बोलायचं कसं यावर बरंच अवलंबून आहे. तयेच्या (चतुर्थीच्या आदल्या) दिवशी किंवा चतुर्थीच्या सकाळी हा विषय काढू नका. त्या वेळी घरात पाहुणे असतात आणि बाबांना चार माणसांदेखत उत्तर द्यावं लागतं. मग ते माघार घेऊ शकत नाहीत. श्रावणातच एखाद्या संध्याकाळी, दोघंच असताना बोला. आईला मध्यस्थ करू नका. ती दोन्हीकडून भरडली जाते. वाक्य साधं ठेवा: "बाबा, मला हल्ली देवाविषयी प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत. पूजा थांबावी असं मला अजिबात वाटत नाही. संकल्प तुम्ही सोडा, बाकी सगळं मी करतो." वारूळ, घुमट, पोर्तुगीज यांतलं काहीही त्या संध्याकाळी काढू नका. त्यांना तो इतिहास वाटणार नाही, आईबापांचा अपमान वाटेल. पुढे कधी तुम्ही दोघं कवळ्याला जाल, तेव्हा गाडी पुढे केळोशीलाही न्या आणि जुनी जागा त्यांनाच दाखवायला सांगा. तिथे बोलणं आपोआप निघेल.

वाट्याचं भय मनातून काढा. गोव्याच्या वारसा कायद्यात आई-वडिलांच्या मिळकतीचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. मृत्युपत्राने फक्त उरलेल्या अर्ध्याचं हवं ते करता येतं. मुलाला वारसातून वगळायची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत आणि देवावर विश्वास नसणं त्यांत बसत नाही. हे तुमच्या माहितीसाठी. बाबांना ऐकवण्यासाठी नाही. रागात निघालेल्या शब्दाला कायद्याने उत्तर दिलं, तर तो शब्द पक्का होऊन बसतो.

महाजनांच्या यादीचं वेगळं आहे. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार अजून 1933 च्या मझानिया (महाजनसभा) कायद्याने चालतो आणि तालुक्याचा मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. महाजनकी वंशाने येते. तिच्याबरोबर सभेत मत, समितीच्या निवडणुकीत भाग आणि हिशेब विचारण्याचा हक्क येतो. तरी सही करण्यापूर्वी तुमच्या देवस्थानाची नियमावली मागून स्वतः वाचा; प्रत्येक देवस्थानाची वेगळी असते. तिच्यात श्रद्धेची शपथ किंवा प्रतिज्ञा नसेल तर सही करायला हरकत नाही. कोणाला सेवा करता येते, कोणाला कुठवर प्रवेश आहे, हे नियम बदलायचे असतील तर ते सभेतच बदलतात, आणि सभेत बोलायला यादीत नाव लागतं. प्रतिज्ञा असली तर तिचा मजकूर मला कळवा.

वाचन चालू ठेवा, पण कशावरून काय सिद्ध होतं हे पाहून. पणजीला पाटो इथे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) देवळांच्या जमिनींच्या नोंदी सोळाव्या शतकातल्या फोरालांत (पोर्तुगीज नोंदवह्यांत) सापडतात. कोणत्या गावात कोणकोणते देव होते हे त्यांतून कळतं. शिलालेख आणि कागद जागा व तारीख सांगतात. दंतकथा लोकांनी स्वतःला काय मानलं ते सांगते. दंतकथेतून तारीख काढू नका आणि कागदातून भक्ती मोजू नका.

भटजींशी बोलणं श्रावणातच उरका. चतुर्थीच्या सकाळी ते एकामागून एक घरं करतात, तेव्हा नवी मांडणी समजावायला त्यांना उसंत नसते. जाताना बाबांना बरोबर न्या आणि 'संकल्प मी खुर्चीवरून सोडणार' हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. माटोळीचा बाजार शेवटच्या दोन-तीन दिवसांत फुलतो आणि महागतो. सुपारीची शिपटं (घोस), नारळ, चिबूड, आंबाडे तेव्हा मिळतील. कांगलां आणि माट्टीची फळं मात्र रानाची माहिती असलेल्याला आधीच सांगून ठेवा. नारळ आणि चिबूड चौकटीच्या कडेला, आधाराजवळ बांधा, मधोमध नको. ओल्या लाकडाची चौकट मध्येच वाकते. दोर कुमयाच्या झाडाच्या सालीचे मिळाले तर उत्तम. गाठ कशी मारायची ते बाबांना विचारा.